वाटीतला स्पीकर आणि चहाचे तीन कप

हे लिहू की नको, असं करत करत बरेच दिवस गेले. या सदरात लोक लिहितात ते मी नेमाने वाचतो — ओढ्याकाठची बाई, घाटात हात दाखवणारा म्हातारा... वाचायला मजा येते, पण विश्वास म्हणाल तर कधीच बसला नाही. आमच्या गावात एका पिंपळाखाली दिवेलागणीनंतर कुणी थांबत नाही. मी तिथं बसून परीक्षेचा अभ्यास केलाय, कारण मोबाईलला रेंज तिथंच चांगली येते. मी कसा माणूस आहे ते यावरून कळावं.

शिवाय माझ्या अनुभवात घाबरण्यासारखं काहीच नाही. रविवारची दुपार, स्वच्छ ऊन, आणि चहा. तरी पण... जे झालं ते झालं. जसंच्या तसं सांगतो, चुकलं तर सांभाळून घ्या. लिहायची सवय नाही.

माझं नाव विनायक. गाव कंग्राळी, बेळगावला चिकटूनच आहे. वडील सकाळी शेतात असतात आणि मग फाउंड्रीत पाळीला जातात. आमच्या घरात कॉलेजला गेलेला मीच पहिला — बीसीएच्या शेवटच्या वर्षाला आहे. घरात पहिला असण्याचा एक त्रास असतो. वायर असलेली कुठलीही वस्तू बिघडली की ती माझ्यापुढं येते. मिक्सर अडकला तरी आई म्हणते, "कॉम्प्युटर शिकतोस न्हवं? मग बघ की." आणि जमलं नाही तर काही बोलत नाही, नुसती बघते. ते बघणं मला बोलण्यापेक्षा जड जातं.

तर, आमच्या विभागात एक प्रदर्शन भरवायचं ठरलं — जुने कॉम्प्युटर कसे होते ते मुलांना दाखवायचं. मॅडमनी वर्गात विचारलं, कुणाकडे एखादं जुनं मशीन आहे का. माझा मित्र महांतेश उठून म्हणाला, "मॅडम, आमच्या गल्लीत हाय एक." महांतेश निपाणीचा. घरी कन्नड बोलतात, गल्लीत मराठी, आणि परीक्षेत काय लिहितो ते त्याचं त्यालाच माहीत. मॅडम म्हणाल्या, "चालत असेल तरच आणा. नुसतं शोभेला ठेवायला आपल्याकडे जागा नाही. चालत असेल तर लॅबमध्ये कायमचं काचेच्या कपाटाशेजारी ठेवू, ज्यांचं आहे त्यांचं नावही लावू."

मी आणि महांतेश एका शनिवारी बसने निपाणीला गेलो. महांतेशच्या गल्लीत शेवटून दुसरं घर आक्कांचं. खाली घर, वर लांबट एक खोली. त्या खोलीत आक्कांचे मालक — सगळे त्यांना आप्पा म्हणायचे — टायपिंगचा क्लास चालवायचे. नंतर त्यांनी एक कॉम्प्युटर घेतला आणि त्यावर पोरांना शिकवायला लागले. आप्पा जाऊन काही वर्षं झाली. टाइपरायटर आधीच गेले होते. राहिलं होतं ते एकच टेबल, त्यावर पिवळट पडलेला कॉम्प्युटर, पोट सुटलेला तो जुना मॉनिटर, आणि त्या सगळ्यावर क्रोशाचं झाकण.

आक्का सत्तरीच्या आसपासच्या, बारीक, आवाज मात्र खणखणीत. मला आधी वरपासून खालपर्यंत बघितलं.

"कुठला रं तू?"

"कंग्राळीचा, आक्का."

"खुर्द का बुद्रुक?"

"बुद्रुक."

"बरं. हात धुऊन घे मग. मशीनला हात लावायचा असंल तर आप्पांचा नेम होता तो."

मग त्यांनी अडचण सांगितली. मुलगा पुण्याला असतो. वरची खोली ट्यूशनवाल्यांना भाड्याने द्यायचं त्याने ठरवलं होतं आणि पुढच्या रविवारी दुपारी भंगारवाल्याला टेम्पो घेऊन यायला सांगितलं होतं. मुलगा वाईट नाही, त्याचंही बरोबरच होतं. बंद पडलेलं मशीन ठेवून करायचं काय?

"खोली द्यायला माझी ना न्हाय," आक्का म्हणाल्या. "पण बाळ, भंगारवाला काय करतो ठाऊक हाय न्हवं? काट्याला लावतो. आप्पा ज्याच्याम्होरं बसून जन्मभर शिकवत हुते, त्याचं वजन झालेलं मला बघायचं न्हाय. तुमच्या कालेजात ऱ्हाऊंदे की. पोरंच असतील तिथं बी."

मी म्हटलं, "करतो आक्का. चालू करतो." म्हटलं खरं, पण चुकलंच. कारण मी असलं मशीन आयुष्यात उघडलेलं नव्हतं. पण आक्का त्यावर एवढ्या निवांत झाल्या, की शब्द परत घ्यायची सोयच राहिली नाही.

पहिल्या दिवशीच कळलं की हार्ड डिस्क गेली आहे. चालू केली की आतून जात्यात खडा सापडल्यासारखा आवाज. आप्पांनी डॉसच्या, म्हणजे कॉम्प्युटर सुरू करणाऱ्या जुन्या सिस्टिमच्या, मूळ फ्लॉप्या प्लास्टिकच्या डब्यात नीट ठेवल्या होत्या, म्हणून म्हटलं फ्लॉपीवरून तरी चालू करून बघू. तर फ्लॉपी आत जाईना. मी टॉर्च मारून बघितलं. आत काहीतरी लाल-पिवळं दिसत होतं. महांतेशने घरी जाऊन बहिणीचा चिमटा आणला — भुवया कोरायचा — आणि आम्ही ते एकेक करून बाहेर काढायला लागलो.

तांदूळ निघाले. कुंकवाने माखलेले, वाळून खडखडीत झालेले तांदूळ.

"आक्का," महांतेशने जिन्यातून हाक मारली, "मशीनमधी भाताचं पीक आलंय!"

आक्का वर आल्या, बघितलं, आणि अजिबात ओशाळल्या नाहीत. "अक्षता हायत त्या. खंडेनवमीला हत्यारांची पूजा करत न्हाय व्हय तुमच्यात? दरसाल मीच घालत हुते."

"पण आत कशाला घातल्या?"

"मग कुठं घालू? तोंडातच घालणार की! देवाला निवद तोंडालाच दावतात. त्याच्या पाठीत घालू?"

आमच्या घरीही ट्रॅक्टरच्या सायलेन्सरला हार असतो. वर्षानुवर्षांच्या अक्षता खाऊन तो फ्लॉपी ड्राइव्ह मात्र कायमचा तृप्त झाला होता. त्यातून काही चालू होणं शक्य नव्हतं.

आणखी एक गोष्ट इथंच सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. त्या काळच्या कॉम्प्युटरच्या पेटीत बांगडीएवढा एक छोटा स्पीकर असतो. गाणी वाजवायला नाही, नुसता 'टीं' असा आवाज करायला. या मशीनच्या स्पीकरची वायर उंदराने कुरतडून तोडलेली होती. मी तो स्क्रू काढून बाहेरच काढला आणि आक्कांनी स्क्रू ठेवायला दिलेल्या स्टीलच्या वाटीत टाकला. ते बघून आक्का हसल्या.

"ह्योच का रं तो चहा मागणारा?"

मग त्यांनी सांगितलं. स्वयंपाकघर खाली, क्लास वर. आप्पांना वरून चहा सांगायचा म्हणजे ओरडावं लागायचं आणि ओरडलं की पोरांसमोर बरं दिसायचं नाही. म्हणून आप्पांनी स्वतः एक छोटा प्रोग्राम लिहिला. 'चहा' असं टाईप करायचं, पुढं आकडा टाकायचा. जितकी माणसं, तितक्यांदा मशीन वाजायचं. जिन्यातून आवाज खाली यायचा. आक्का आवाज मोजायच्या आणि तितके कप वर न्यायच्या. वर्षानुवर्षं हे चाललं होतं.

"नाकातनं हाक मारल्यागत वाजायचं," आक्का म्हणाल्या. "कधी लई पाहुणं आलं की वाजतच ऱ्हायचं. मी खालनं म्हणायचे, आवरा आता, दूध संपलं!"

तो प्रोग्राम अर्थातच मेलेल्या हार्ड डिस्कवर होता. म्हणजे गेलाच. मी तसं सांगितलं तेव्हा आक्का एवढंच म्हणाल्या, "असूदे. मशीन चालू झालं म्हंजे झालं."

बेळगावला परतल्यावर मी इंटरनेटवर शोधत बसलो. तेव्हा कळलं की जगात बरेच लोक हाच उद्योग करतात. जुन्या मोठ्या कॅमेऱ्यांत एक मेमरी कार्ड असायचं, काडेपेटीपेक्षा जरा चपटं. एका छोट्या जोडणीच्या पट्टीवर ते बसवलं की जुना कॉम्प्युटर त्यालाच हार्ड डिस्क समजतो. त्याला फसवलेलं कळत नाही. मी कार्ड आणि पट्टी मागवली. लॅपटॉपवर खोटा जुना कॉम्प्युटर उभा करणारं सॉफ्टवेअर मिळतं, त्यात बसून त्या कोऱ्या कार्डावर डॉस घातलं. फक्त डॉस, दुसरं काही नाही. हे मी मुद्दाम लिहितोय. कार्ड नवीन, पाकिटातून मीच काढलेलं. आप्पांच्या डिस्कवरचं एक अक्षरही त्यावर नव्हतं.

रविवार उजाडला. निपाणीत पोचलो तेव्हा आक्का दारातच उभ्या होत्या. वर जाऊन कार्ड बसवलं, बटण दाबलं, मॉनिटर चालू केला, आणि तेवढ्यात खालून हाक आली — "आधी उप्पीट खाऊन घ्या, मग कारखाना चालवा!" म्हणून सगळं चालू ठेवून खाली गेलो. खाऊन वर येऊन बघतो तर पडद्यावर एक ओळ होती. ऑपरेटिंग सिस्टिम सापडत नाही, म्हणे.

चूक माझीच होती. कार्डावर जागा आखून झाली की कुठल्या भागातून सुरुवात करायची ते मशीनला वेगळं सांगावं लागतं. मी ते सांगितलंच नव्हतं. म्हणजे घर बांधलं आणि दार ठेवायचं विसरलो, असला प्रकार. कार्ड काढलं, लॅपटॉपला लावलं, दुरुस्त करायला बसलो. इतक्यात लाइट गेली. लॅपटॉपला बॅटरी होती म्हणून माझं काम चालू राहिलं, पण लाइट यायला बराच वेळ लागला. महांतेश खिडकीत बसून रस्त्यावर नजर ठेवून होता. भंगारवाल्याचा टेम्पो दिसतोय का बघत होता.

लाइट आली. मी कार्ड बसवलं, बटण दाबलं. पंखा फिरायला लागला. मॉनिटर चालू केला, त्याचा हिरवा दिवा लागला. पडदा मात्र काळा.

थांबलो. काळाच. बंद करून परत चालू केला. काळाच. केबल काढून घट्ट बसवली. काहीच नाही. सकाळी निदान ओळ तरी येत होती, आता तेही नाही. लाइट येताना झटका बसला असेल आणि आतलं काहीतरी उडालं असेल, असंच वाटलं.

"गेलं?" महांतेशने हळू विचारलं.

"गेलं वाटतंय."

"आक्काला तू सांग."

"मी का? गल्ली तुझी!"

"शब्द तू दिलास की रं. 'करतो आक्का, चालू करतो' — ह्यो असा आवाज काढून."

लांबून कुठूनतरी टेम्पोचा हॉर्न ऐकू आला आणि मला एकदम तो काटा दिसायला लागला, आक्का म्हणाल्या होत्या तो. मी मनात वाक्य जुळवायला लागलो — आक्का, प्रयत्न केला, पण... 'पण'च्या पुढं काही सुचेना. मग उठलो आणि मशीन बंद करायला बटणाकडं हात नेला. बंद करून, कार्ड काढून घेऊन, झाकण लावायचं असं ठरवलं होतं. हे नक्की आठवतं. बोट बटणावर टेकलं होतं.

तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली.

आक्का आल्या. हातात ट्रे, ट्रेमध्ये चहाचे तीन कप, चेहरा असा फुललेला की मी हात मागंच घेतला.

"झालं न्हवं रं चालू! आज किती वर्सांनी हाक आली. घ्या, गरम हाय तवर घ्या."

महांतेश म्हणाला, "कसली हाक, आक्का?"

"मशीनची की! तीनदा वाजलं. मी मोजलं न्हवं. मग तीन कप घेऊन आले."

"आक्का," मी म्हटलं, "काहीच वाजलं नाही. आम्ही इथंच बसलोय. आणि वाजणार कसं? तो स्पीकर बघा तिथं, वाटीत आहे."

खिडकीच्या फळीवर ती वाटी होती. वाटीत स्क्रू, आणि स्क्रूंवर पालथा पडलेला तो स्पीकर, तुटक्या वायरीच्या दोन शेपट्या वर करून. आक्कांनी वाटीकडं बघितलं, मशीनकडं बघितलं, आणि ट्रे टेबलावर ठेवला.

"मग मला कुणी सांगितलं चहा आण म्हणून?"



"दोघंच तर आहोत आम्ही," महांतेश पुटपुटला. त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. "तिसरा कप... कुणाचा म्हणायचा?" आणि तो आप्पांच्या रिकाम्या खुर्चीपासून जरा लांब सरकला. खरं सांगतो, मीही सरकलो.

आणि पुन्हा जिन्यात पावलं वाजली. या वेळी जड. महांतेशने माझा दंड धरला.

वर आले ते शेजारचे दस्तगीर चाचा. त्यांचं शिवणकामाचं दुकान आक्कांच्या भिंतीला लागूनच आहे. गळ्यात टेप, कानावर खडू, आणि तोंडभर हसू.

"क्या बात हाय आक्का! आप्पांची मशीन चालू झाली काय? दुकानात ऐकली मी. म्हटलं, चहाची हाक हाय, आपला कप हाय यात." आणि कुणी काही बोलायच्या आत त्यांनी ट्रेमधला तिसरा कप उचलला, आप्पांच्या खुर्चीवर बसले आणि फुर्रकन घोट घेतला. "साखर कमीच घातली तुमी अजून बी."

पुढं कळलं की आप्पांच्या वेळीही दुपारच्या चहाला चाचा असायचेच. आप्पा आकडा टाकताना त्यांना धरूनच टाकायचे.

आक्का आता कमरेवर हात ठेवून आमच्याकडं बघत होत्या. "आता चाचा बी खोटं बोलतोय व्हय?"

मी चाचांना परत परत विचारलं. ट्रकच्या रिव्हर्सचा आवाज असेल? ते म्हणाले, "अरे बाबा, हायवे काय आज झालाय? ट्रकची ओळख हाय मला. ही आप्पांची हाक. नाकातनं येती ती." किती वेळा? "तीन," ते म्हणाले आणि कप खाली ठेवला.

आमचा चहा तसाच होता. आक्का म्हणाल्या, "आधी प्या. निवला तर परत करणार न्हाय." आम्ही बसलो आणि प्यायलो. मशीन तसंच चालू होतं. बंद करायचं मी विसरूनच गेलो होतो. पंखा घरघरत होता, हिरवा दिवा लागलेला होता. चाचा सांगत होते की आप्पांनी त्यांना एकदा स्वतःचं नाव टाईप करायला शिकवलं आणि त्यांनी ते आख्खी दुपार लावून टाईप केलं. आम्ही हसत होतो.

आणि हसता हसता महांतेश थांबला. "विन्या... पडदा बघ."

काळ्या पडद्याच्या मधोमध राखाडी उजेड यायला लागला होता. डोंगरामागून उजाडतं ना, तसा. हळूहळू अक्षरं वर आली. सी, कोलन, तिरपी रेघ, आणि त्यापुढं लुकलुकणारी छोटी आडवी रेघ. डॉस चालू झालं होतं. बहुतेक आम्ही कपाळाला हात लावून बसलो होतो तेव्हाच ते चालू झालं होतं. मॉनिटर म्हातारा होता, एवढंच. एकदा थंड पडला की त्याला चित्र दाखवायला पुष्कळ वेळ लागतो. सकाळी आम्ही उप्पीट खायला खाली होतो, म्हणून ते आमच्या लक्षातच आलं नव्हतं.

म्हणजे मशीनला काही झालेलंच नव्हतं. मी ते बंद करून, कार्ड काढून, मेलं म्हणून जाहीर करणार होतो. आणि टेम्पो येणारच होता.

मी ओरडलोच. महांतेशने मला मिठी मारली, मग चाचांना मारली, आणि त्यांच्या गळ्यातली टेप दोघांत अडकली. आक्कांनी पदराने पडद्यावरची धूळ पुसली आणि मला म्हणाल्या, "मी एक करू?" मी खुर्ची दिली. त्यांनी एका बोटाने, शोधत शोधत, इंग्रजीत 'चहा' टाईप केलं, पुढं चारचा आकडा टाकला आणि एंटर दाबलं.

मशीनने उत्तर दिलं. अशी आज्ञा नाही किंवा अशी फाईल नाही. अर्थात! कार्डावर ते कुठून असणार?

"काय म्हणतंय?" आक्कांनी विचारलं.

"ओळखत नाही म्हणतंय, आक्का. त्याला चहा माहीत नाही."

"बघा!" आक्का चाचांकडं वळून म्हणाल्या. "आत्ता तर मागवलं, आणि आता वळखत न्हाय म्हणतंय. पक्कं आप्पांच्यावर गेलंय." चाचा एवढे हसले की त्यांना ठसका लागला.

तेवढ्यात खाली टेम्पो आला. भंगारवाला वर आला, टेबलाकडं बोट करून म्हणाला, "हेच न्हवं, मावशी?" आक्का उठून त्याच्या आणि टेबलाच्या मध्ये उभ्या राहिल्या. "हे चालू हाय. चालू वस्तू भंगारात देत न्हाईत. खालची मोडकी खुर्ची ने." तो वाकून पडद्याकडं बघत राहिला आणि म्हणाला, "गेम हाय काय यात?"

आक्कांनी त्यालाही चहा दिला. या वेळी कुणी हाक न मारता.

आता तुम्ही विचाराल ते सगळे प्रश्न मी स्वतःला विचारले आहेत. बोर्डावरच एखादा छोटा बझर असेल? नाही, मी टॉर्च लावून इंच इंच बघितलं. यूपीएस वाजला असेल? आक्कांच्या घरात नाही, चाचांच्या दुकानात नाही. कुणाचा मोबाईल? महांतेश म्हणाला, आक्कांना आस लागली होती, भास झाला असेल. मग चाचांना कसली आस? चहाची, तो म्हणाला. बरं, धरून चालू. पण दोघांनाही तीनच का ऐकू आले? आणि आम्ही मशीनपासून हातभर अंतरावर असून आम्हाला का नाही? हार्डवेअरच्या सरांना विचारलं, तर ते म्हणाले, "विनायक, तू प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये हे लिहू नकोस." तिथं नाही लिहिलं. म्हणून इथं लिहितोय.

मशीन आता आमच्या लॅबमध्ये आहे, काचेच्या कपाटाशेजारी. वर आप्पांच्या नावाची पाटी आहे. प्रदर्शनात मुलांची सगळ्यात जास्त गर्दी त्याच्यापुढंच झाली. मी स्पीकर परत बसवायला म्हणून आक्कांकडं मागितला, तर त्यांनी दिला नाही. "माझ्यापाशी असूदे वाटीत. वाजायचं तवा वाजतो की तो, कुठं बी असला तरी." मी नवीन बसवू शकलो असतो. का कोण जाणे, बसवला नाही. आई-वडीलही प्रदर्शनाला आले होते. आई मशीनपुढं बराच वेळ उभी राहिली, मग तिनं माझ्याकडं नुसतं बघितलं. या वेळचं बघणं वेगळं होतं.

खंडेनवमीला लॅबमध्ये पूजा असते. मॅडमनी आक्कांना बोलावलं होतं. मी आदल्या दिवशीच फ्लॉपीच्या खाचेवर चिकटपट्टी लावून ठेवली होती — पुढची सोय म्हणून. आक्का निपाणीहून बसने आल्या, हात धुतले, सगळ्या मशीनना हळदीकुंकू लावलं आणि आप्पांच्या मशीनपाशी येऊन थांबल्या. हातात अक्षता. खाच शोधत होत्या. पट्टी दिसली.

"तोंड बांधून टाकलंस व्हय रं त्याचं?"

मी काय सांगणार होतो? की आक्का, त्या अक्षतांमुळंच तो ड्राइव्ह गेला, आणि चिमट्याने दाणे काढता काढता माझी बोटं दुखली? हे सगळं खरं आहे. शास्त्रही हेच सांगतं. आणि त्या दुपारी तीनदा काय वाजलं, ते मला अजूनही माहीत नाही.

चिकटपट्टी मीच काढली.

"थोड्याच घाला, आक्का," मी म्हटलं.